वर गेलेला हात

आबा त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे कॅनबेराला आले होते. सांगलीकडच्या गावांत वर्षानुवर्षं कबड्डीचे पंच म्हणून उभा राहिलेला माणूस. रग्बी लीग त्यांनी इथे येऊन पाहिली. माझ्या १४ वर्षांच्या लेकीने त्यांना दोन दिवसांत खेळ शिकवला. एका संघाला सहा टॅकल, मग चेंडू समोरच्यांचा. म्हणून शेवटच्या टॅकलआधी बहुतेक वेळा चेंडू लाथेने पुढे मारतात. त्या मारलेल्या चेंडूला समोरच्याचा हात लागला आणि चेंडू परत मिळाला, तर पुन्हा सहा. तेव्हा पंच डोक्यावर हात फिरवतो.

"म्हणजे धरायचं नि पाडायचं," आबा म्हणाले. "आमच्यासारखंच. नुसता दम घालायचा नाही."

६ ऑक्टोबर २०१९ ला सिडनीत अंतिम सामना होता, कॅनबेरा रेडर्स विरुद्ध सिडनी रूस्टर्स. १९९४ नंतर आमचा संघ पहिल्यांदा तिथवर पोचला होता. गाव हिरवंगार झालं होतं, लेकीने आबांनाही हिरवा टीशर्ट चढवला होता. शेवटची दहाएक मिनिटं उरली, ८-८. रेडर्सनी चेंडू उंच मारला, दोन्हीकडचे खेळाडू त्यावर झेपावले, चेंडू उडून पुन्हा आमच्याकडेच आला. पंच बेन कमिन्स यांनी हात वर करून फिरवला. पुन्हा सहा! लेक सोफ्यावर उभी राहिली.

आमच्या जॅक वाइटनने तो हात पाहिला आणि चेंडू छातीशी धरून निवांत टॅकल घेतला. घाई कशाला, अजून पाच बाकी. पण तेवढ्यात निर्णय फिरला होता. चेंडूला रूस्टर्सचा हात लागलाच नव्हता, हा शेवटचाच टॅकल होता. चेंडू रूस्टर्सकडे गेला. त्याच चढाईत त्यांच्या जेम्स टेडेस्कोने रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला. १४-८. संपलं.

"चोर!" लेक ओरडली. "विकला गेलाय तो पंच!"

आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "विकला गेलेला माणूस हात खाली घेत नाही, बाळा. किती वेळात बदलला त्याने निर्णय?"

"पाच-सहा सेकंद असतील. पण म्हणून काय झालं?"

"मला छत्तीस वर्षं झाली. मी अजून बदललेला नाही."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मीही कधी ऐकलं नव्हतं. १९८३, शेजारच्या गावच्या जत्रेतला अंतिम सामना. शेवटची चढाई, एका गुणाचा फरक. एक पोरगा चढाईला आला होता, विशीतला, काटकुळा. माणसं मैदानाच्या रेषेपर्यंत आलेली, कानठळ्या बसवणारा आरडाओरडा. आबांना त्याचा दम ऐकू येईना. दम तुटला असं वाटून त्यांनी शिट्टी मारली, हात वर केला, पोरगा बाद. आणि हात वर असतानाच त्यांना दिसलं, की त्याचे ओठ हलताहेत. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज गर्दीत बुडाला होता, दम तुटला नव्हता.

"मला कळलं होतं," आबा म्हणाले. "त्याच क्षणी कळलं. पण तोवर अर्धं गाव नाचायला लागलं होतं. शब्द फिरवला तर उद्यापासून पंच म्हणून कोण विचारील, असं वाटलं. हात तसाच ठेवला. तो पोरगा भांडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला."

लेक गप्प झाली. पण ती वाद सोडणारी नाही, आणि तिचा हा गुण मला आवडतो. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, पण वाइटनचं काय? त्याने हातावर विश्वास ठेवला. शेवटचा टॅकल आहे हे माहीत असतं तर त्याने चेंडू मारला असता ना?"

"मारला असता."

"मग?"

"मग काय. त्या पंचाची पहिली चूक त्याला भरावी लागली. ते कुणाला पुसता येणार नाही." आबा बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले. हरलेल्या संघातल्या वाइटनलाच सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक दिलं जात होतं आणि त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "पण त्याला निदान त्याच रात्री कळलं, काय घडलं ते. माझ्या त्या पोराला कुणी सांगितलंय?"

पुढे लीगच्या अधिकाऱ्यांनीही जाहीर केलं, की शेवटचा निर्णय बरोबर होता, आधीची खूण चुकली होती. लेकीने ते मला वाचून दाखवलं. 'चोर' हा शब्द मात्र तिने पुन्हा उच्चारला नाही.

डिसेंबरात आबा परत गेले. आठवड्याने त्यांचा फोन आला. दोन एस.टी. बदलून ते त्या गावी गेले होते. पोरगा आता साठीला टेकलेला, पिठाची गिरणी चालवतो. गिरणीच्या घरघरीत आबांनी त्याला सांगितलं, "तुझा दम तुटला नव्हता. तुझे ओठ हलत होते, मी पाहिलं होतं."

त्याने कानामागे हात धरला. मग उठून गिरणी बंद केली. पट्टा हळूहळू थांबला. त्याने कपाळावरचं पीठ पुसलं, आतल्या खोलीकडे वळून मुलाला हाक मारली, आणि आबांना म्हणाला, "मास्तर, आता ह्याच्यासमोर सांगा."