उंबरठ्यावरील अंधार

गेल्या हिवाळ्यात आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु येथे आम्ही आप्तांकडे मुक्कामास होतो. पैनगंगेच्या या बाजूस तेलुगू व मराठी एकाच ओसरीवर बोलल्या जातात. शेजारचा एक अंध पदवीधर आपले सारे लेखन-वाचन संगणकावर करतो. पडद्यावरची अक्षरे यंत्रच त्यास वाचून दाखविते. त्या दिवशी मात्र तो येऊन म्हणाला, "काका, यंत्र कोठे अडले आहे एवढे पाहून सांगाल का?"

अडले होते ते दारातच. कळ दाबताच संगणक पुरता जागा होत नाही. प्रथम त्यातील मूळ आज्ञावली चालते; मग 'बूटलोडर' नावाची लहानशी आज्ञावली कोणती कार्यप्रणाली उघडावयाची याची यादी दाखविते व निवडलेली प्रणाली स्मृतीत आणून बसविते. वाचून दाखविणारी आज्ञावली जागी होते ती त्यानंतर. तोवर सारे मूक! या तरुणाच्या यंत्रात दोन प्रणाली होत्या. खालचा बाण किती वेळा दाबावयाचा हे त्याने पाठ केले होते. यादीत एक ओळ वाढली आणि ते पाठांतर व्यर्थ गेले.

वाचक म्हणतील, प्रश्न पाच-दहा सेकंदांचा. कोणीही वाचून देईल. कायदा क्षुल्लक गोष्टींची दखल घेत नाही, हे तत्त्व आम्हां वकिलांसही शिकविलेले असते. परंतु क्षुल्लक कोणास? प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. ग्रंथ ते इतरांकडून वाचवून घेत, स्वतःचे सांगून लिहवीत. त्यांची विद्या उसनी होती असे कोणी म्हणत नाही. तेव्हा साहाय्य घेण्यात उणेपणा नाहीच. पण ग्रंथ वाचून देणारा सोबती निराळा आणि आपल्याच घराचे कुलूप उघडण्यास बोलवावा लागणारा शेजारी निराळा. तो घरी नसेल त्या दिवशी काय करावे?

दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचे कलम ४२ नित्य वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांस वापरता येतील अशा घडणीची मिळावीत, ही जबाबदारी शासनावर टाकते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांची वाट मोकळी असणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. यंत्राचे पहिले दार या वाटेबाहेर कसे ठेवता येईल, हे आम्हांस तरी उमगत नाही.

उपाय दुर्लभ नाहीत, म्हणून हयगय अधिक बोचते. डेबियन ही मुक्त प्रणाली बसविताना आरंभीच एक सूर वाजतो. 'एस्' व मग 'एन्टर' दाबले की पुढचे सारे ऐकू येते. 'ग्रब' या बूटलोडरमध्येही यादी येताच सूर वाजविण्याची व प्रत्येक प्रणालीस एकेक अक्षर नेमण्याची सोय आहे. मात्र तो सूर यंत्राच्या अंगच्या लहान भोंग्यातून निघतो आणि नव्या यंत्रांपैकी अनेकांत तो भोंगाच नसतो.

त्या तरुणाचे यंत्र सुदैवाने जुने होते. आम्ही ओळी वाचल्या, त्याने अक्षरे नेमली. दुसऱ्या सकाळी ओसरीवर बसल्याबसल्या आम्हांस तो सूर ऐकू आला. हाक आली नाही. बूटलोडरच्याही आधीचा, मूळ आज्ञावलीचा पडदा मात्र तेथे अजून मुकाच आहे.