ऐकणाऱ्याचे कर्तव्य

झाले गेले विसरून जावे, जुने दुःख उगाळू नये, असा उपदेश आपल्याकडे नेहमी होतो. घरात भाऊबंदकी झाली, कोणी टोचून बोलले, तर हा उपदेश लाख मोलाचा. पण परवा एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले, "काय हो महाराज, त्या यहुदी लोकांनी छळछावणीच्या आठवणी लिहून ठेवल्यात, त्या कशाला वाचायच्या? मेलेले काही परत यायचे नाहीत. वाचून मनात द्वेषच वाढायचा." प्रश्न मनापासूनचा होता. तेव्हा त्याचा विचारही मनापासूनच केला पाहिजे.

यहुदी आपल्याला अगदीच परके नव्हेत. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल मराठीच बोलत, आणि आपल्या धर्मग्रंथातील कथा कीर्तनातून गात. त्यांच्याच धर्माची सुमारे ६० लाख माणसे दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने युरोपात मारली. साठ लाख! आपण हळहळतो आणि पान उलटतो. इतक्या मोठ्या आकड्यातून एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही.

आता प्रीमो लेवी या गृहस्थाचे पुस्तक घ्या. हा इटलीतील तुरिन शहरचा रसायनशास्त्रज्ञ. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला ६५० माणसांबरोबर मालगाडीत कोंबून ऑश्विट्झला नेले. तिथे नाव काढून घेतले आणि हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला. त्या गाडीतल्या ९६ पुरुषांना आणि २९ बायकांना तेवढे कामासाठी छावणीत घेतले. बाकीचे पाचशेहून अधिक जीव दोन दिवसांच्या आत संपले. त्यांत एमिलिया नावाची एक चिमुरडी होती. हुशार, हसरी, चौकस पोर. वाटेत आईबापांनी इंजिनातले कोमट पाणी मागून घेतले आणि त्या गर्दीच्या डब्यात जस्ताच्या टपात तिला आंघोळ घातली. मारणाऱ्यांच्या हिशेबी ती संख्येतली एक. लेवीने आंघोळीची ही गोष्ट लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती कोणाची तरी लेक म्हणून दिसते. आठवणींचे पहिले मोल हे.

द्वेष वाढेल म्हणाल, तर त्याच पुस्तकात लोरेंझो नावाचा एक गवंडी भेटतो. तो यहुदी नव्हे, कैदीही नव्हे. तिथे कामावर आणलेला एक इटालियन. सहा महिने त्याने रोज आपल्या वाट्यातले अन्न लेवीला आणून दिले आणि मोबदला म्हणून काही घेतले नाही. आपण माणूस आहोत हे आपण त्याच्यामुळे विसरलो नाही, असे लेवी सांगतो. आता बोला! सगळे विसरून जायचे, तर या गवंड्यालाही विसरावे लागेल. पापाची नोंद पुसायला गेलो की पुण्याची नोंदही पुसली जाते.

आणि क्षमेचे म्हणाल, तर ज्याची जखम त्याने क्षमा करावी. आपण दुरून "सोडून द्या" म्हणणे फार स्वस्त. शिवाय विसरणे म्हणजे क्षमा नव्हे. काय घडले हे ज्याला ठाऊक आहे, तोच क्षमा करू शकतो.

कोणी म्हणेल, माणसाची आठवण चुकते. चुकते खरी. लेवीनेच १९८६ च्या आपल्या पुस्तकात हे कबूल केले आहे. जे पार तळाला गेले, तेच खरे साक्षीदार. ते परत आले नाहीत, आम्ही त्यांच्या वतीने बोलतो, असेही तो म्हणतो. वॉर्सा शहराच्या कोंडवाड्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने सोबत्यांकडून रोजनिश्या, पत्रे, शिधापत्रिका गोळा करविल्या आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या किटल्यांत घालून त्या जमिनीत पुरल्या. १९४४ साली तो मारला गेला. त्या ठेव्यातला काही भाग १९४६ साली आणि काही १९५० साली सापडला. म्हणजे एका आठवणीला दुसरीचा, आणि दोहोंना कागदपत्रांचा आधार मिळतो. साक्ष अशीच पारखायची असते. चूक निघेल म्हणून साक्षीदाराचे तोंड बंद करीत नाहीत.

छावणीत लेवीला एक स्वप्न वरचेवर पडे. आपण घरी आलो आहोत, जिवलगांना सगळे सांगतो आहोत, पण कोणी ऐकतच नाही. सख्खी बहीणसुद्धा उठून निघून जाते. सुटून आल्यावर तसेच थोडेबहुत झाले. एका मोठ्या प्रकाशकाने पुस्तक नाकारले. १९४७ साली एका लहान प्रकाशकाने २५०० प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत. १९५८ साली पुन्हा छापल्यावर मग ते जगभर गेले. सांगणारा अकरा वर्षे उभाच होता. उशीर झाला तो ऐकणाऱ्यांकडून.

श्रवणाला आपण नवविधा भक्तीत पहिले स्थान देतो. गोड कथाच ऐकायची आणि दुसऱ्याची किंकाळी आली की कानांवर हात ठेवायचे, हे श्रवण कसले? १९४५ साली त्या छावण्यांतून जी पोरे जिवंत निघाली, तीही आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यामागे त्यांचे लिहिलेलेच काय ते राहील. म्हणून त्या माळकरी गृहस्थांना आमची विनंती इतकीच: असे एक तरी पुस्तक मन घट्ट करून वाचा, आणि उठून न जाता शेवटपर्यंत ऐका.