विद्यावेतन कशाचे?



"फादर, सेवा शिकायची तर पैसे कशाला? मग ती सेवा कसली?" मिस्सानंतर एका गुरुजींनी आम्हांला विचारले. विषय होता 2024 साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा. बारावी झालेल्यांना महिना 6000, पदविकाधारकांना 8000 आणि पदवीधरांना 10000 रुपये विद्यावेतन देऊन तरुणांना कार्यालयांत, आरोग्य केंद्रांत काम शिकायला घेतले गेले.

गुरुजींचा प्रश्न आम्हांला परका नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही निःस्वार्थ सेवेवर तावातावाने बोलत असू. जेवणाची घंटा मात्र रोज वेळेवर वाजे. ती घंटा हेच आमचे विद्यावेतन होते, हे फार उशिरा कळले.

अक्कलकुवा-धडगावची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. दोघे मिळून एक कोयता. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची. घरची मुलगी दवाखान्यात शिकायला राहिली की कोयता मोडतो, आणि मुकादमाची उचल तर आधीच खर्च झालेली असते. अशा घराला "फुकट शिकायला पाठवा" म्हणणे म्हणजे त्याच्याकडूनच देणगी मागणे. मग येतो कोण? ज्याच्या घरी धान्य आहे तो. त्यातून त्याचे मन मोठे असल्याचे सिद्ध होत नाही.

आणि गरज तर त्या मुलीचीच आहे. आपल्याकडच्या सिकलसेलचेच घ्या. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. हे सासूला तिच्या भिलीत, पावरीत सांगायचे, आणि दोष एकट्या सुनेच्या माथी येऊ द्यायचा नाही. बाहेरून आलेल्या हुशार डॉक्टरांनाही हे जड जाते.

तरी गुरुजींची शंका आम्ही उडवून लावत नाही. सहा महिन्यांची ती मुदत 2025 साली अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर पुढे काय, म्हणून प्रशिक्षणार्थींना आंदोलने करावी लागली. शिकणाऱ्याकडून नुसती रजिस्टरे भरून घेतली, पुढे नर्सिंगची जागा नाही की नोकरी नाही, तर त्या पैशांत विद्या कुठे आहे? ते स्वस्तात घेतलेले काम झाले.

गुरुजींना आम्ही विचारले, "तुमचा मुलगा नाशिकला शिकत होता, तेव्हा खोलीचे भाडे कोण भरत होते?" ते हसले.

ज्यांच्या मुली यंदा बारावी झाल्या आहेत त्यांनी मुकादमाची उचल घेण्याआधी आम्हांला भेटावे. नर्सिंग प्रवेशाचे कागद सोबत बसून पाहू.