क्षमा करायची म्हणजे नेमके काय करायचे?



दर रविवारी मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या थोडे आधी आपण सारे उभे राहून प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो. तिच्यात सात मागण्या आहेत. पित्याचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, रोजची भाकर मिळावी असे आपण मागतो. मात्र सातांपैकी एकाच मागणीला आपण आपल्या तोंडाने अट जोडतो. आम्ही आमच्या अपराध्यांशी जसे वागतो, तसे तू आमच्याशी वाग, असे आपण पित्याला सांगतो. ही अट लहानपणापासून इतकी तोंडपाठ झाली आहे, की तिचे वजन आपल्याला जाणवेनासे झाले आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीकडे पुन्हा वळतो आणि तिचा अर्थ उलगडून सांगतो. ती मागणी हीच. तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर पित्याकडून तुम्हांला क्षमा मिळणार नाही, असा त्याचा स्पष्ट इशारा आहे.

क्षमा ही आपल्या श्रद्धेच्या गाभ्यातली गोष्ट आहे. पण क्षमा म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्या मनात बराच गोंधळ असतो. उदाहरणादाखल आपण एका कुटुंबाची कल्पना करू. वडील वारले. थोरल्या भावाने 'नुसती सही कर, कागदपत्रांचे काम आहे' असे सांगून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. पुढे सातबाऱ्यावरून आपले नाव गेल्याचे तिला कळले. तिने विचारणा केली, तेव्हा नातेवाईक म्हणू लागले, "अगं, आपण ख्रिस्ती माणसे. येशूने क्षमा करायला सांगितले आहे. सोडून दे." ती गप्प बसली. भाऊ दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो, ती मागच्या. शांतीचे चिन्ह देताना दोघेही दुसरीकडे वळून हात जोडतात.

आता आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारू या. या घरात क्षमा झाली आहे का?

आपल्या मते झालेली नाही. तिथे फक्त शांतता आहे, आणि शांतता म्हणजे क्षमा नव्हे. बहिणीचा हक्क गेला तो गेलाच, मनातला राग मात्र गेला नाही. भावाकडे जमीन आली, पण त्याच्या पापाचे ओझे तसेच राहिले. 'क्षमा कर' हा उपदेश दुबळ्याला केला गेला आणि सबळाला कोणी काहीच सांगितले नाही. प्रभूच्या शिकवणीचा असा वापर करणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली देवाच्या दयेवर लिहिलेल्या परिपत्रकात हा मुद्दा मांडला आहे. शुभवर्तमानात कुठेही क्षमेचा अर्थ वाइटाकडे काणाडोळा करणे असा होत नाही आणि झालेल्या नुकसानीची भरपाई करावीच लागते, असे ते सांगतात. पापनिवेदनाच्या, म्हणजे आपल्या कुमसारच्या संस्कारातही हेच आहे. पापाबद्दल खेद, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त या तीन गोष्टी पापी माणसाकडून अपेक्षित असतात. ज्याने चोरले, त्याने शक्य असेल तर ते परत केले पाहिजे. ज्याने कोणाची बदनामी केली, त्याने त्याचे नाव पुन्हा उजळ केले पाहिजे. जक्कयची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. येशू घरी आला म्हणून त्याने नुसता आनंद मानला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले. आपल्या गोष्टीतला भाऊ कुमसारला गेला आणि जमीन मात्र तशीच ठेवून आला, तर त्याचे प्रायश्चित्त अर्धेच राहिले.

मग बहिणीने काय करावे? तिने आपला हक्क मागावा, गरज पडल्यास वकिलाकडेही जावे. त्यात पाप नाही. पण भावाचे वाईट व्हावे, त्याच्या मुलांना भोगावे लागावे, अशी इच्छा तिने मनात धरू नये. त्याच्या घरी आजारपण आले तर तिने दार ठोठवावे. हक्क मागणे आणि सूड घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा सूडाचा त्याग करते, सत्याचा त्याग करत नाही.

इथे आणखी एक फरक लक्षात घेतला पाहिजे. क्षमा आणि समेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघे लागतात. अपराधी माणूस पश्चात्ताप करो वा न करो, आपण आपल्या बाजूने मनाचे दार उघडे ठेवू शकतो. पण त्याने त्या दारातून आत यावे की नाही, हे त्याच्या हाती आहे. म्हणूनच, नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला 'क्षमा कर आणि परत जा' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातही, जोडीदारापासून शरीराला, आत्म्याला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा दिलेली आहे. ती दूर राहूनही त्याच्यासाठी प्रार्थना करू शकते. तसेच लहान मुलांवरील अत्याचाराचे. 'क्षमा केली, आता वाच्यता नको' असे म्हणून तो दडपणे हा दुसरा अपराध आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे आपल्या देशात बंधनकारक आहे. ख्रिस्तसभेतही अशा घटना दडपल्या गेल्या, म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरूंना व धर्मभगिनींना त्या वरिष्ठांना कळवणे सक्तीचे केले.

काही जण म्हणतात, "मी क्षमा केली, पण विसरू शकत नाही. म्हणजे माझी क्षमा खोटी का?" मुळीच नाही. कॅथलिक श्रद्धाग्रंथात या मागणीचे विवरण करताना हे मान्य केले आहे की, अपमान न जाणवणे किंवा तो विसरून जाणे आपल्या हातात नसते. जखम झाली की ती दुखणारच. पण तीच जखम पवित्र आत्म्याच्या स्वाधीन केली, तर हळूहळू तिचे रूपांतर दयेत आणि प्रार्थनेत होऊ शकते. क्षमा हा मनाचा निर्णय आहे. भावना त्याच्या मागून येतात, कधी वर्षांनी येतात. पेत्राने किती वेळा क्षमा करायची असे विचारले, तेव्हा येशूने दिलेली मोठी संख्या वेगवेगळ्या अपराधांसाठी आहे, असे आपण समजतो. पण एकाच अपराधाची आठवण पुन्हा पुन्हा उफाळून येते, आणि प्रत्येक वेळी नव्याने क्षमा करावी लागते, हाही तिचा अर्थ असू शकेल.

एवढे बळ आणायचे कुठून? याचे उत्तर येशूने तिथेच एका दाखल्यात दिले आहे. एका चाकराला राजाचे दहा हजार तालांत देणे होते. राजाने ते सगळे माफ केले. बाहेर पडताच त्याच चाकराने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे चाकराचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. सोबत्याचे देणे होते फक्त शंभर दिवसांच्या मजुरीचे. शंभर दिवसांची मजुरी ही काही लहान रक्कम नव्हे. गरिबाच्या घरात ती मोठीच असते. आपल्यावर झालेला अन्याय क्षुल्लक आहे, असे येशू म्हणत नाही. आपल्याला आधी किती माफ झाले आहे, त्याची तो आठवण करून देतो. आपण क्षमा करतो म्हणून देवाचे प्रेम विकत मिळते, असे नाही. प्रेम आधीच दिलेले आहे, क्रुसावरून दिलेले आहे. पण आवळलेल्या मुठीत कोणी काही ठेवू शकत नाही.

हे सारे संतांनाच जमते, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. आपल्याच देशातली एक घटना आठवू या. केरळातल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात गोरगरीब शेतमजुरांमध्ये काम करत होत्या. त्यांच्या कामामुळे सावकारांच्या पाशातून लोक सुटू लागले, आणि ते काहींना खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने चाकूचे पन्नासहून अधिक वार करून त्यांना ठार मारले. कायद्याने आपले काम केले. त्याला जन्मठेप झाली. सात वर्षांनी, २००२ साली, राणी मारियांच्या सख्ख्या धाकट्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल राखीपौर्णिमेच्या सुमारास तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर राखी बांधली. कुटुंबाच्या पाठिंब्याने २००६ साली त्याची सुटका झाली. पुढे तो केरळात त्या घरी जाऊन आईवडिलांना भेटला. राणी मारियांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे धन्यवादित घोषित करण्यात आले.

या घटनेत खून झाला हे कोणी झाकले नाही आणि शिक्षाही टळली नाही. सगळे काही एका दिवसात झाले, असेही नाही. मधे सात वर्षे गेली. पण ज्या हाताने वार केला, त्या हाताला राखी बांधता येते, हे एका बहिणीने दाखवून दिले.

आपल्यापुढचा प्रश्न एवढा मोठा नसतो. बहुधा तो एका बांधाचा, विहिरीच्या पाण्याचा, लग्नातल्या मानपानाचा असतो. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात, ज्यांचे भांडण चालू आहे त्यांनी समेट झाल्याखेरीज रविवारच्या सभेत सामील होऊ नये, अशी सूचना आढळते. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जाण्याची येशूची आज्ञा त्यांनी शब्दशः घेतली होती. १९६९ पासून भारतात हात जोडून शांतीचे चिन्ह देण्यास मान्यता आहे. जोडलेल्या हातांत मूठ आवळता येत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

या उपवासकाळात आपण तीन गोष्टी करू या. ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याचे नाव घेऊन रोज एकदा प्रभूची प्रार्थना म्हणू या. आपण कोणाचे काही देणे लागत असू, पैसे, जमीन किंवा हिरावलेले नाव, तर पुनरुत्थान सणापूर्वी ते परत करू या. आणि कोणी आपल्यावरील अन्यायाची कैफियत घेऊन आपल्याकडे आले, तर 'सोडून दे' म्हणण्याआधी त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेऊ या.

येत्या रविवारी ती अट पुन्हा आपल्या ओठांवर येईल. ती म्हणण्याचे धैर्य आणि तशी वागण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.