रांग की पंगत?



आज सामान्यकाळातील तेहतिसावा रविवार. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली हा रविवार 'गरिबांचा जागतिक दिन' म्हणून ठरवून दिला आणि २०१७ पासून जगभरच्या चर्चमध्ये तो पाळला जातो. त्या पहिल्या वर्षी मिस्सा झाल्यावर पोपमहोदय व्हॅटिकनच्या सभागृहात सुमारे दीड हजार गरिबांबरोबर जेवायला बसले. त्यांनी जेवण नुसते दिले नाही, ते जेवायला बसले. ह्या दोहोंत फरक काय, ह्यावर आज आपण विचार करू या.

मराठीत रांग आणि पंगत असे दोन शब्द आहेत. दोन्हींत माणसे ओळीनेच असतात. पण रांगेत माणूस उभा असतो. त्याच्या हातात भांडे असते, डोळ्यांसमोर पुढच्याची पाठ असते आणि मनात एकच धाकधूक असते, की आपला नंबर येईपर्यंत उरेल ना? पंगतीत माणूस बसलेला असतो. वाढणारा त्याच्याकडे चालत येतो आणि 'आणखी थोडे घ्या' असा आग्रह करतो. पोट दोन्हीकडे भरते. पण रांगेतला माणूस मागणारा असतो आणि पंगतीतला पाहुणा असतो.

पाच हजारांच्या भोजनाचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आला आहे. संध्याकाळ झाली तेव्हा लोकांना गावांत पाठवावे, म्हणजे ज्याचे तो विकत घेऊन खाईल, असे शिष्यांनी सुचवले. प्रभूने त्यांनाच वाढायला लावले. मात्र भाकर हातात घेण्याआधी त्याने लोकांना बसवले. संत मार्क सांगतात की ते हिरव्या गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नासांच्या पंगती करून बसले. तिथे मूळ ग्रीक शब्द मेजवानीला लवंडून बसण्याचा आहे. त्या काळी असे बसून जेवणे हा पाहुण्याचा मान होता आणि सेवक उभे राहत. प्रभूने उपाशी लोकांना आधी मान दिला आणि मग भाकर दिली.

रोममध्ये हीच गोष्ट आजही पाहायला मिळते. १९६८ साली आंद्रेया रिकार्दी ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांना घेऊन शुभवर्तमान वाचायला आणि शहराबाहेरच्या झोपडपट्टीतील मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून 'संत एजिदिओ समुदाय' उभा राहिला. १९८२ च्या नाताळात ह्या मंडळींनी त्रास्तेवेरे भागातील सांता मारिया ह्या प्राचीन बसिलिकेत टेबले मांडली आणि वीसेक गरीब पाहुण्यांना जेवायला बोलावले. चर्चच्या आत, जिथे मिस्सा होते तिथेच! पुढे १९८८ साली जवळच्या दांदोलो रस्त्यावर त्यांचे कायमचे भोजनगृह सुरू झाले. बेघर माणसे, परदेशांतून आलेले निर्वासित, भाडे भरल्यावर हाती काही न उरणारी कुटुंबे तिथे येतात. पाहुणा टेबलाशी बसतो आणि स्वयंसेवक त्याच्यापर्यंत जेवण घेऊन येतो. हे स्वयंसेवक विद्यार्थी, नोकरदार, निवृत्त माणसे असे तुमच्या-आमच्यासारखेच असतात. त्यांना पगार नसतो. पाहुण्याला नावाने ओळखणे हे ते आपले पहिले काम मानतात.

नावाचे एवढे महत्त्व का? ३१ जानेवारी १९८३ रोजी रोमच्या तेर्मिनी रेल्वे स्टेशनवर मोदेस्ता वालेंती नावाची एक वृद्ध, बेघर स्त्री आजारी पडली. रुग्णवाहिका आली, पण तिचे अंग मळलेले होते, म्हणून तिला आत घ्यायला नकार मिळाला. कित्येक तास ती तशीच पडून राहिली आणि तिथेच वारली. तेव्हापासून दरवर्षी हा समुदाय तिच्या स्मरणार्थ मिस्सा करतो आणि रस्त्यावर मरण पावलेल्यांची नावे एकेक करून वाचतो. आज रोममध्ये बेघर माणसाची नोंद करताना नगरपालिका पत्ता म्हणून 'मोदेस्ता वालेंती रस्ता' असे लिहिते. असा रस्ता प्रत्यक्षात कुठेही नाही. जिला कोणी दारात घेतले नाही, तिच्या नावाने आता हजारोंना पत्ता मिळाला आहे.

२७ डिसेंबर २००९ रोजी, पवित्र कुटुंबाच्या सणाच्या दिवशी, पोप बेनेडिक्ट सोळावे त्या भोजनगृहात जेवायला गेले. घरात घडते तेच इथे घडते, वाढणारे आणि जेवणारे एकमेकांत मिसळून जातात, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तिथे काढले. आपल्या सेवेची कसोटी हीच आहे. बाहेरून आलेल्याला वाढणारा कोण आणि जेवणारा कोण हे चटकन ओळखू येत असेल, तर अजून काहीतरी राहून गेले आहे.

कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये, असे तो सांगतो. आपल्याला वाटते, मालक मजुराला वापरतो किंवा पुढारी मतदाराला वापरतो. पण दान देणाराही गरिबाला वापरू शकतो. आपल्याला पुण्य लागावे, आपला फोटो निघावा, 'आम्ही केले' म्हणता यावे, ह्यासाठी गरीब लागतो. अशा वेळी अन्न त्याला मिळते, पण तो स्वतः आपल्याला दिसतच नाही.

म्हणूनच आद्य ख्रिस्तसभेने अन्न वाढणे हे किरकोळ काम मानले नाही. यरुशलेममध्ये रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. ते कसे असावेत? चांगल्या नावाचे, पवित्र आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेले. पंगत वाढायला पवित्र आत्मा लागतो! आणि करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांना खडसावले की तुम्ही जे करता ते प्रभुभोजन नव्हेच.

आपल्या देशात तर पंगतीचा इतिहासही स्वच्छ नाही. कोणाला आत बसवायचे आणि कोणाला अंगणात वेगळे वाढायचे हे जात ठरवत आली. ख्रिस्ती समाज ह्यापासून अगदी अलिप्त राहिला असेही म्हणवत नाही. तेव्हा कोणाच्या शेजारी बसून जेवायचे, हा प्रश्न आपल्यासाठी फक्त शिष्टाचाराचा नाही, श्रद्धेचा आहे.

कोणी म्हणेल, फादर, पूर आला, घरे बुडाली, तर पंगती कुठे मांडत बसणार? खरे आहे. २००५ च्या जुलैतल्या महापुरात मिळेल ते अन्न, मिळेल त्या हाताने पोहोचवणे हेच योग्य होते. रोममध्येही स्वयंसेवक संध्याकाळी गरम जेवण घेऊन स्टेशनांवर आणि फुटपाथवर जातात. पण तिथेही ते माणसाजवळ थांबतात, त्याच्याशी बोलतात. मन पंगतीचे असेल तर फुटपाथवरही पंगत मांडता येते. मन रांगेचे असेल तर हॉलमध्ये खुर्च्या मांडूनही रांगच राहते.

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ मुलेमुली आज परदेशी आहेत. हे पान घरची माणसे त्यांना वाचून दाखवतील, अशी आशा आहे. लहानपणापासून आपण परदेश म्हणजे पैसा असे ऐकत आलो. पण लंडन असो की टोरोंटो, श्रीमंत शहरातही मुलांना जेवू घालून स्वतः उपाशी झोपणाऱ्या आया आहेत. तिथल्या तुमच्या चर्चमध्ये अशा कुटुंबांसाठी जेवण होत असेल, तर नाव द्या. फक्त नाताळात जाऊ नका, एखाद्या साध्या मंगळवारीही जा. भांडी घासायला लागली तर घासा. 'तुमच्यावर ही वेळ का आली?' असे कोणाला विचारू नका. 'तुमचे नाव काय?' असे विचारा. आणि वाढून झाल्यावर आपले ताट घेऊन त्यांच्याच शेजारी बसा.

इथे आपण काय करणार? दरवर्षी नाताळात संत व्हिन्सेंट डी पॉल संघाचे बंधुभगिनी चर्चच्या आवारात पाकिटे वाटतात. ते चालू राहील. पण यंदा पवित्र कुटुंबाच्या सणाच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, हॉलमध्ये पंगत मांडावी असे पॅरिश कौन्सिलने आणि आम्ही मिळून ठरवले आहे. आमंत्रण गेटवर चिठ्ठी लावून द्यायचे नाही, घरी जाऊन द्यायचे. आपल्या घरी नाताळात जे शिजते तेच तिथे शिजेल. प्रत्येक टेबलाशी आपल्यापैकी एक कुटुंब मुलाबाळांसह पाहुण्यांबरोबर जेवेल. आणि फोटो कोणीही काढायचे नाहीत. नुसते पैसे देणाऱ्यांचे आभारच मानू, पण आम्हाला पैशांपेक्षा माणसे हवी आहेत. आपली नावे पॅरिश ऑफिसमध्ये द्यावीत.

थोड्या वेळाने आपण सारे ख्रिस्तप्रसादासाठी उभे राहू, आणि तेव्हा आपणही रांगेतच असू. मळेवाला, मास्तर, बँकेतला साहेब, मोलकरीण, सगळ्यांचे हात रिकामे आणि पुढे केलेले असतील. त्या रांगेत देणारा एकटा प्रभू आहे आणि बाकी आपण सारे मागणारे आहोत. तो मात्र आपल्याला मागणारे म्हणून दारात उभे ठेवत नाही, पाहुणे म्हणून आपल्या मेजाशी बोलावतो. ज्याच्याकडून आपल्याला इतका मान मिळाला, त्याच्या नावाने तो मान दुसऱ्याला द्यायला आपण मागे राहू नये.

दयाळू प्रभू आपल्या घरांना आणि आपल्या पंगतींना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू