शिट्टी कोणाच्या हाती?

सांगली-साताऱ्याच्या मुलींनी मैदान जिंकले आहे. माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना २०२५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार होती. तुंगच्या प्रतीक्षा बागडीने २०२३ मध्ये पहिला महिला महाराष्ट्र केसरी किताब सांगलीतच पटकावला. त्याच वर्षी साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली. स्मृतीला घडवणारे अनंत तांबवेकर आणि अदितीला घडवणारे प्रवीण सावंत यांचे ऋण मोठे आहे. तरीही मनात येते, आज घाम गाळणाऱ्या या मुलींपैकी उद्या किती जणी शिकवायला उभ्या राहतील?

बास्केटबॉलचा इतिहास याबाबत बरेच शिकवतो. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ प्रथम मुलींना शिकवला. पुढे १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींच्या खेळाला समान हक्क मिळाला. पैसा आला, पगार वाढले आणि त्या जागांवर पुरुष येऊ लागले. कायद्यापूर्वी सर्व खेळांतल्या महाविद्यालयीन महिला संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. आज निम्म्याही नाहीत. खेळाडू वाढल्या, गुरू मात्र घटल्या. १९८१ मध्ये महिला बास्केटबॉल प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली. खेळणे संपत आलेल्या मुलींना प्रशिक्षक होण्याची वाट दाखवणे, हे तिच्या कामांपैकी एक आहे.

गुणांची वाण आपल्याकडेही नाही. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिलांना कबड्डी शिकवली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या संघाने अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असे हरवले. एका मराठी बाईची विद्या केवढी मोठी! पण अशी विद्या एकटीच्या जिद्दीवर किती काळ टिकावी? मुलींना घेऊन परगावी स्पर्धेला जायचे तर मुक्कामाची सोय कशी लावावी, बाळंतपणानंतर मैदानावर केव्हा परतावे, मुलीला खेळू देण्यासाठी घरच्यांची समजूत कशी घालावी, हे अनुभवी बाईच नव्या बाईला सांगू शकते. चार जणी एकत्र बसल्या की एकीचा अनुभव सगळ्यांचा होतो. संघटनेचे खरे बळ यातच आहे.

म्हणून आपल्या जिल्ह्यांतल्या शाळांना, मंडळांना आणि तालमींना एक विनंती. तुमची एखादी खेळाडू शेवटचा सामना खेळून निरोप घेईल, तेव्हा तिला नुसता नारळ आणि शाल देऊ नका. तिच्या हाती शिट्टी द्या, प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची फी भरा आणि लहान मुलींचा एक गट तिच्यावर सोपवा. आणि ज्या भगिनी आज मैदानावर शिकवत आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावे. सुरुवातीला दोघीच आल्या तरी चालेल.