गुरुवारचे चिंतन : अंगातली आग आणि घरातला अबोला



मागच्या महिन्यात आरतीनंतर एक काकू थांबल्या. म्हणाल्या, "हे माझ्याशी धड बोलत नाहीत. जपाची माळही हातात घेत नाहीत. श्रद्धा उडाली की काय हो?" काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन असतं. (काकांना विचारूनच लिहितोय. नाव नको म्हणाले.)

आम्ही घरी गेलो. काकू चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा काका हळूच बोलले. "रात्री अंगातून एकदम आग निघते, बनियन भिजतो, मग थंडी वाजते. जप करायला बसलो की डोळे मिटतात. आणि नवरा म्हणून मी आता काही उरलो नाही. पुढचं इंजेक्शन घेणारच नाही."

मंडळी, यात श्रद्धेचा काय संबंध? हा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो. डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शन कॅन्सरचा तो खुराक तोडतं, म्हणून घाम, थकवा, चिडचिड, इच्छा मंदावणं, हाडं विरळ होणं.

देह म्हणजे मी नव्हे, हे आपण रोज म्हणतो. पण दुसऱ्याचा देह त्रासात असताना ते वाक्य त्याच्या तोंडावर फेकू नये. देहभाव सुटलेले रमण महर्षीसुद्धा १९४९ मध्ये दंडावरच्या गाठीसाठी डॉक्टरांपुढे हात करतच होते ना?

शेवटी काका काकूंशी बोलले. काकू रडल्या, मग म्हणाल्या, "एवढंच होतं? मला वाटलं माझंच काही चुकलं."

दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही असं ठरलं. घामाच्या लाटांवरही औषध असतं, हे काकांना तिथेच कळलं, त्यांनी आधी कधी विचारलंच नव्हतं! हाडांची तपासणी झाली. रोज चालणं आणि थोडं वजन उचलणं सांगितलंय. कुणीतरी दिलेला काढा डॉक्टरांना दाखवून बंद केला.

आता उशाशी सुती पंचा आणि पाण्याचा तांब्या असतो. जप पहाटेऐवजी दुपारी, खुर्चीत बसून, एकच माळ. सकाळी दोघं बडा तालाबच्या काठाने बोट क्लबपर्यंत चालतात. काका मध्ये दोनदा बसतात, काकू थांबतात.

आपल्या घरी असं कुणी असेल तर ग्रुपवर लिहू नका, सेवेकऱ्यांना वेगळा निरोप टाका. काका स्वतः फोनवर बोलायला तयार आहेत. फक्त दुपारी दोन ते चार नको, तेव्हा ते झोपतात.

जय गुरुदेव 🙏